नागरिकशास्त्राचा तास आणि मतभेदाची भीती

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत सकाळी परिपाठाला उभे राहिले की लोकशाहीचे शिक्षण किती थरांचे आहे ते कळते. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, प्रार्थना होते. मग संविधानाची उद्देशिका. २०२३ पासून राज्यगीतही आले. शिवाय सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि बोधकथा. प्रतिज्ञा १९६२ साली पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली आणि मग ती देशभरातल्या पाठ्यपुस्तकांत गेली. उद्देशिका रोज वाचावी असा निर्णय राज्याने २०१३ मध्ये काढला. तो बराच काळ कागदावरच राहिला आणि जानेवारी २०२० मध्ये पुन्हा परिपत्रक काढून आठवण करून द्यावी लागली. कुठल्याही पक्षाचे सरकार असो, देशप्रेम किंवा संविधाननिष्ठा कमी पडते आहे असे वाटले की परिपाठात आणखी एका पठणाची भर पडते. आधीचे काही काढायची हिंमत मात्र कोणी करत नाही. मुले पाठांतराला तयार असतात. उन्हात उभे राहून "सामाजिक, आर्थिक व राजनैतिक" हे शब्द एका दमात म्हणणारी चौथीची मुलगी पाहिली की कौतुक वाटतेच.

शाळेतून लोकशाही शिकवण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे झाले त्यांचा हिशेब मांडताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रचना शिकवली जाते, मूल्येही सांगितली जातात. दोन माणसांचे पटत नसताना पुढे काय करायचे, हे मात्र शिकवायचे राहते. मतभेद ही लोकशाहीतली रोजची बाब, आणि शाळेला सर्वांत जास्त धास्ती तिचीच.

संविधानकर्त्यांना या अडचणीचा अंदाज होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकर संविधानसभेत म्हणाले होते की संविधानिक नीतिमत्ता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. भारतातली लोकशाही ही मुळात अलोकशाही असलेल्या जमिनीवर वरून पसरलेला मातीचा थर आहे, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई त्यांचे शिक्षक होते. ड्युईंचे लोकशाही आणि शिक्षण या विषयावरचे पुस्तक १९१६ चे, म्हणजे आंबेडकरांनी न्यूयॉर्क सोडले त्याच वर्षीचे. लोकशाही हा शासनाचा प्रकार असण्याआधी एकत्र जगण्याची रीत आहे आणि ती शाळेत जगूनच अंगवळणी पडते, हा ड्युईंचा मुद्दा. पहिली सार्वत्रिक निवडणूक आटोपल्यावर काही महिन्यांतच माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार. आयोगाने शिक्षणाच्या उद्दिष्टांत लोकशाही नागरिकत्वाला पहिले स्थान दिले आणि नागरिकाला खरे-खोटे व प्रचार वेगळे करता आले पाहिजेत, असे स्पष्ट लिहिले. आज व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डबद्दल बोलताना आपण हेच नव्या शब्दांत मांडतो.

त्याही आधी महाराष्ट्रात काही ठिकाणी हे काम सुरू होते आणि त्याला कोणी नागरिकशास्त्र म्हणत नव्हते. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे महार, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सगळ्या घरांतली मुले एका छपराखाली राहत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधी तिथे येऊन गेले. साताऱ्यासारख्या गावात, त्या काळात, भाकरी कोणी थापली हे न विचारता ती खाणे ही गोष्ट समतेवरच्या दहा धड्यांहून वजनदार होती. पुढे २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळाशाळांत शिजवलेली खिचडी आली. तिचे सामाजिक मोल पोषणमूल्याइतकेच आहे, हे आपण क्वचित बोलून दाखवतो.

१९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेली नई तालीम हा दुसरा झरा. सेवाग्रामच्या शाळेत मुले सूत कातत हे सगळ्यांना माहीत असते. मुलांची आमसभा भरायची, कामाची वाटणी आणि तक्रारी तिथे मांडल्या जायच्या, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. नंतर बुनियादी शिक्षण सरकारी झाले. टकळी शाळेत आली, सभा मात्र मागे राहिली.

पाठ्यपुस्तकांकडे वळू. बालभारतीची स्थापना १९६७ ची. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटीला नागरिकशास्त्र जोडायची पद्धत तेव्हापासून आजवर टिकली आहे. सध्याच्या पुस्तकांचा क्रम पाहिला तर आखणी वाईट नाही. सहावीत ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा प्रशासन येते. सातवीचे पुस्तक संपूर्ण संविधानाला दिले आहे: उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे. आठवीत संसद, न्यायव्यवस्था, नोकरशाही. नववीत एकदम परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. दहावीत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि शेवटी भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने. या पाच प्रकरणांत बरीच धीट माहिती आहे. अडचण गुणांच्या हिशेबात आहे. इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांपैकी राज्यशास्त्राच्या वाट्याला बारा येतात. बारा गुणांसाठी कोणता शिक्षक किती तास देईल, हे ज्याने दहावीचा वर्ग घेतला आहे त्याला सांगायला नको. विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा, हा प्रश्नप्रकार खरे तर विचार करायला लावणारा. पण कारणेही गाइडात छापलेली असतात आणि मुले तीही पाठ करतात. मत सुद्धा तयार मिळते.

राष्ट्रीय पातळीवर मोठे वळण २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्याने आले. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नागरिकशास्त्राच्या जुन्या, वसाहतकालीन घडणीवर बोट ठेवले आणि एनसीईआरटीच्या सहावी ते आठवीच्या पुस्तकांचे नावच सामाजिक आणि राजकीय जीवन असे झाले. सातवीच्या त्या पुस्तकात समतेचा धडा कलमांपासून सुरू होत नसे. घरकाम करणारी कांता मतदानाच्या रांगेत उभी आहे. तिथे ती मालकाच्या बरोबरीची, आणि रांगेतून बाहेर पडली की पुन्हा मोलकरीण. धडा सुरू व्हायचा तो असा. नववी-दहावीच्या लोकशाही राजकारणाच्या पुस्तकांत उन्नी आणि मुन्नी ही व्यंगचित्रांतली दोन मुले पानापानावर आगाऊ प्रश्न विचारत. या पुस्तकांचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर. शंका काढणे हा अभ्यासाचाच भाग आहे असे गृहीत धरून लिहिलेले शालेय पुस्तक आपल्याकडे तोवर क्वचितच झाले होते.

ते फार दिवस निर्वेध चालले नाही. अकरावीच्या संविधानावरील पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. संविधान नावाच्या गोगलगायीवर आंबेडकर बसलेले, मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र काढण्याचे जाहीर केले, यादव आणि पळशीकर यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. दलित समाजात उमटलेली वेदना खोटी होती असे मी म्हणणार नाही. चाबकाची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना ते चित्र वेगळे दिसते, आणि पुस्तक लिहिणाऱ्यांनी ते आधी ओळखायला हवे होते. पण चित्राखालचा मजकूर संविधानाला जवळपास तीन वर्षे का लागली आणि घाई न करता सहमती घडवणे कसे मोलाचे होते, हेच सांगत होता. अकरावीच्या वर्गात हे चित्र ठेवून "हे पाहून कोणाला काय वाटले?" एवढे विचारले असते तरी उत्तम तास झाला असता. तसा विचार कोणत्याच पक्षाने बोलून दाखवला नाही. जवळपास सगळ्यांचे एकमत झाले ते चित्र काढण्यावर.

नंतरची छाटणी थंड डोक्याने झाली. कोरोनाच्या वर्षात, जुलै २०२० मध्ये सीबीएसईने ओझे कमी करायचे म्हणून अकरावीतून त्या वर्षापुरते जे वगळले त्यात संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्षता ही पूर्ण प्रकरणे होती. पुढे एनसीईआरटीच्या सुसूत्रीकरणात दहावीतून लोकशाही आणि विविधता, जनसंघर्ष आणि चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने ही प्रकरणे गेली. जून २०२३ मध्ये यादव आणि पळशीकरांनी पत्र लिहून या पुस्तकांवरून आमची नावे काढा, अशी मागणी केली. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात चळवळी आणि आव्हाने हे दोन्ही धडे आहेत, ही महाराष्ट्राने नोंद घ्यावी अशी गोष्ट. राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे राज्याची नवी पुस्तके २०२५-२६ मध्ये पहिलीपासून यायला लागली. ती दहावीपर्यंत पोचतील तेव्हा या दोन धड्यांचे काय होते, याकडे आतापासून लक्ष ठेवावे लागेल.

पुस्तकाबाहेर शाळा काय करते? जिल्हा परिषदेच्या शाळांत जून-जुलै महिन्यात शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते आणि ती बघण्यासारखी असते. अर्ज भरणे, छाननी, माघार, चिन्हवाटप. चिन्हे पेन, पाटी, फुगा, चेंडू. दोन दिवस प्रचार. मतदानाच्या दिवशी व्हरांड्यात बाके लावून केंद्र तयार होते. सातवीचा मुलगा केंद्राध्यक्ष, सहावीची मुलगी यादीत नावे तपासणारी, आणखी एक जण बोटाला शाई लावणारा. आता मोबाइलवरचे अॅप वापरतात. बटण दाबले की बीप वाजतो आणि पहिलीची पोरे दचकून हसतात. मग मोजणी, गुलाल, शपथविधी. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर फोटो पडतात, कधी स्थानिक वर्तमानपत्रात बातमीही येते.

अशाच एका शाळेत शपथविधीनंतर पाचवीतल्या एका मुलीने वर्गशिक्षकांना विचारले, "सर, पाणीमंत्र्यानं टाकी नाही धुतली तर?"

"तर मला येऊन सांगायचं."

"मग तुम्ही काय करणार?"

"त्याला ओरडणार."

वर्ग हसला, सरही हसले. उत्तर प्रामाणिक होते. या मंत्रिमंडळाला सभागृह नाही, विरोधी पक्ष नाही, पैसा नाही. महिन्यातून एकदा मंत्र्याला उभे करून प्रश्न विचारायची सोय नाही आणि मंत्री बदलायचीही नाही. मंत्रिपद म्हणजे बहुधा हातात झाडू. निवडणूक हुबेहूब होते आणि निकालाच्या दिवशीच लोकशाही आटोपते. मोठ्यांचे आपण जे करून ठेवले आहे त्याची नक्कल मुले इतकी अचूक करतात की हसावे की रडावे ते कळत नाही. आपल्याच देशात वेगळे काही घडले आहे. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने चालवलेल्या रात्रशाळांत, दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांची संसद नव्वदच्या दशकापासून भरू लागली. तिथले निवडून आलेले मूलमंत्री शाळा वेळेवर उघडते का, कंदील आणि पाणी आहे का हे तपासत आणि संस्थेतल्या मोठ्या माणसांना जाब विचारत. फरक बीप वाजण्या-न वाजण्याचा नाही. तिथे उत्तर देणे मोठ्यांना भाग होते.

इथे एक गंमत आहे. आपल्याकडे नागरिकशास्त्र शिकवणारा शिक्षक खऱ्या निवडणुकीतला मुरलेला माणूस असतो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून तो घरोघर हिंडलेला असतो, केंद्राध्यक्ष म्हणून शाळेच्याच खोलीत रात्र काढलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना आणि आपत्ती निवारणाबरोबर निवडणुकीचे कामही शिक्षकांना लावता येते. या कामाचा ताप किती होतो यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्त आहे. पण त्या अनुभवात एक सुंदर धडा दडलेला आहे आणि तो वर्गात येत नाही. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल घ्यावा लागतो. किमान पन्नास मते टाकायची, निकाल काढून दाखवायचा, यंत्र कोरे करायचे, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून सीलबंद करायच्या. संध्याकाळी एकूण किती मते पडली त्याचा सतरा-सी नमुना भरायचा आणि प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची. हे सगळे का? कारण त्या खोलीत बसलेले लोक एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवावा अशी अपेक्षाही कोणी करत नाही. संस्था अशी बांधली आहे की अविश्वास असूनही काम पुढे जाते आणि शेवटी सगळे एकाच कागदावर सही करतात. हे ज्या शिक्षकाने हाताने केले आहे तो वर्गात येऊन फळ्यावर लिहितो: निवडणूक आयोगाची कार्ये, मुद्दे पाच.

मूल्यांच्या बाबतीत आपली गाडी बराच काळ संस्काराच्या रुळावरून चालली. राज्यात मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्ये वर्षानुवर्षे भिंतीवर रंगवलेली दिसतात त्यांत वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा आणि सौजन्यशीलता यांच्या पंक्तीला स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन बसवलेले आहेत. श्रमप्रतिष्ठा आहे, राष्ट्रभक्ती आहे. उद्देशिकेत ज्यांना पहिला मान आहे ते न्याय आणि स्वातंत्र्य या यादीत नाहीत. ही चूक अनवधानाने झाली असेल असे वाटत नाही. नीटनेटके मूल शाळेला हवेसे असते, न्याय मागणारे मूल अवघड.

या पार्श्वभूमीवर मूल्यवर्धन हा उपक्रम वेगळा ठरला. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या पाचशेच्या आसपास शाळांत तो सुरू केला आणि पुढे राज्य शासनाबरोबर इतर जिल्ह्यांत नेला. थोरांच्या गोष्टींवरून बोध काढण्याऐवजी संविधानातली मूल्ये पायाला धरली. पद्धत जोड्यांची आणि गटांची. मुले वर्गाचे नियम स्वतः ठरवतात, एकमेकांचे ऐकून घेतात, भांडण झाले तर बोलून मिटवतात. ज्या वर्गांत तो नीट चालला तिथे मुले बोलती झाली, असे शिक्षक सांगतात, आणि त्यावर अविश्वास ठेवायचे कारण नाही. मर्यादा वयाची आहे. लहान वर्गांत भांडण रबर-पेन्सिलीचे असते. दहावीतले भांडण गावातून येते.

दहावीतल्या भांडणाबाबत जगाचा अनुभव काय सांगतो? १९९९ मध्ये २८ देशांतल्या सुमारे नव्वद हजार चौदा वर्षांच्या मुलांची नागरिकत्वविषयक मोठी पाहणी झाली. भारत त्यात नव्हता. ज्या वर्गांत मुलांना वादाच्या विषयावर मोकळेपणी बोलता येते त्या वर्गांतल्या मुलांची नागरिकत्वाची जाण अधिक आणि पुढे मतदान करण्याचा इरादाही अधिक, असा तिचा एक ठळक निष्कर्ष होता आणि नंतरच्या पाहण्यांनीही तो उचलून धरला. इंग्लंडने २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा केला. पण मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो जर्मनांचा मार्ग. १९७६ मध्ये, डावे-उजवे टोकाला गेलेले असताना, दोन्हीकडचे शिक्षणतज्ज्ञ बॉयटेल्सबाख नावाच्या गावात बसले. तिथून तीन सूत्रे निघाली. शिक्षकाने आपले मत मुलांच्या गळी उतरवायचे नाही. समाजात आणि विद्वानांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि त्या प्रश्नात आपले हित कुठे आहे ते ओळखून त्यासाठी काही करता यावे, इतपत मुलाला तयार करायचे. मधले सूत्र फार महत्त्वाचे, कारण गप्प बसणे म्हणजे तटस्थ असणे, हा समज ते मोडून काढते. २०१८ मध्ये हॅम्बुर्गमध्ये एएफडी या पक्षाने तटस्थता न पाळणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारी करायला संकेतस्थळ उघडले तेव्हा शिक्षकांना टेकायला हीच सूत्रे होती.

आपल्याकडे शिक्षकाला टेकायला काय आहे? कागदावर पुष्कळ आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत हवा आणि मुलाला भीतीमुक्त होऊन आपले मत मांडता आले पाहिजे. १७ व्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ बंद केला. २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही तिच्यावर घेतात. बैठकीचे इतिवृत्त बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकच लिहितात आणि सह्या घरी जाऊन आणतात, हे ग्रामीण भागात कोणाला नवे नाही. तक्रारपेटीचेही तसेच. २०१७ मध्ये परिपत्रक निघाले, मार्च २०२२ मध्ये सखी सावित्री समित्यांचा आदेश आला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना घडली तेव्हा हे सारे पुन्हा नव्याने काढावे लागले. तक्रारपेटी ही शाळेतली सर्वांत लहान लोकशाही संस्था म्हणायला हरकत नाही. ती कोण उघडते, कोणासमोर उघडते, चिठ्ठी लिहिणाऱ्याचे पुढे काय होते, यावर सातवीचा मूलभूत हक्कांचा धडा खरा की खोटा ते मुले ठरवतात.

बाहेरचे जगही वर्गाला साथ देईलच असे नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या आणि राज्यभर प्रशासक बसले. त्या जूनमध्ये सहावीत गेलेल्या मुलाने नगरसेवक, महापौर, स्थायी समिती हे सगळे पाठ करून परीक्षा दिली. तो नववीत पोचला तरी त्याच्या शहरात एकही नगरसेवक नव्हता. महाविद्यालयातही तीच तऱ्हा. हिंसाचाराच्या घटनांनंतर नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या विद्यार्थी निवडणुका थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या. २०१९ मध्ये घ्यायच्या ठरल्या तर विधानसभेची निवडणूक आडवी आली, पाठोपाठ कोरोना. अठराव्या वर्षी खासदार निवडता येतो, हे १९८९ पासून लागू आहे. वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतका मात्र तो मुलगा प्रौढ धरला जात नाही.

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याकडे बघितले की हा सगळा प्रश्न एका वर्गखोलीत येऊन उभा राहतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि आंदोलन राज्यभर पेटले. जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झाले. शेजारच्या बीडमध्ये त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीनंतर दुकानदाराची जात पाहून खरेदी करा, असे संदेश फिरत होते. २००९ मध्ये बीडच्या शाळांत मूल्यवर्धनाच्या तासाला गटात बसलेली मुले तोवर विशी ओलांडून गेली होती. यावरून उपक्रम फसला म्हणणे अन्यायाचे होईल. पाऊस, जमीन, नोकऱ्या आणि पक्ष यांच्यापुढे आठवड्यातले दोन-चार तास किती पुरणार? पण गोडीगुलाबीने राहायची शिकवण खऱ्या हितसंबंधांच्या भांडणात किती लांब जाते, हा प्रश्न तिथे विचारावाच लागतो.

त्याच तालुक्यात दहावीच्या एकाच बाकावर दोन्ही बाजूंची मुले बसतात आणि वेळापत्रकात चळवळींचा धडा येतो. पुस्तकातली उदाहरणे आदिवासींची, शेतकऱ्यांची, पर्यावरणाची. खिडकीबाहेरचे उदाहरण शिक्षक घेत नाही. घ्यायचे ठरवले तर सामग्री हाताशी आहे. १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा. २०१८ चा राज्याचा कायदा आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे. फेब्रुवारी २०२४ चा दहा टक्क्यांचा नवा कायदा. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठीचा सप्टेंबर २०२५ मधला हैदराबाद गॅझेटचा निर्णय. फळ्याच्या डाव्या बाजूला एकाची मागणी, उजव्या बाजूला दुसऱ्याची हरकत. मग मुलांना अदलाबदल करायला लावायची: मराठा मुलाने ओबीसींची बाजू मांडायची, माळ्या-धनगराच्या मुलीने मराठ्यांची. कोणाचे मत बदलणार नाही, बदलावे असेही नाही. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडता आले, तरी धडा झाला.

शिक्षक हे करत नाही, कारण संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरेल, दुसऱ्या दिवशी सरपंच किंवा संस्थाचालक बोलावतील, तिसऱ्या दिवशी खुलासा मागवला जाईल. वर्तणूक नियमांत राजकारणात भाग घेऊ नये असे लिहिले आहे. वर्गात वादाचा विषय कसा घ्यावा आणि नीट घेतला तर खाते पाठीशी उभे राहील की नाही, याबद्दल त्यांत अक्षर नाही. पुण्यातली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद दरवर्षी किती तरी हस्तपुस्तिका काढते. बॉयटेल्सबाखसारखे, आपल्या जिल्ह्यांना लागू पडेल असे एक पान, तिच्या सहीशिक्क्याने, दहावीच्या पुस्तकाबरोबर शिक्षकाच्या हातात गेले तर अंबडच्या वर्गात फळ्याचे दोन भाग करायला निदान एखादा तरी शिक्षक धजावेल.